खणातला प्रोसेसर

मशीन अडकलं की लीलाधरला बसवत नाही. स्क्रीनवर निळं चक्र फिरू लागलं की आधी त्याची मांडी हलायला लागते, मग खुर्ची करकरते, मग तो उठतोच. पायरीवर येऊन रायपूरकडे जाणारे ट्रक बघतो. आत डोकावतो, चक्र फिरतच असतं. पुन्हा ट्रक.

सडक अर्जुनीत हायवेला लागून त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन इथं होतं, छपाई गोंदियाला. दुकानाच्या अर्ध्या भागात त्याची बायको प्रेमिला शिवणयंत्र घेऊन बसते, आणि उरलेल्या अर्ध्यात लीलाधर, तो म्हातारा कॉम्प्युटर आणि एक टेबल. टेबलाच्या खणात होळीपासून एक प्रोसेसर पडून होता.

प्रोसेसर दिला हिमांशूनं. हिमांशू कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, गोंदियाजवळच्या फुलचूरचा. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, मेमरी वाढवली, डिस्क बदलली. आता अंदर बुढ्ढा एकच राहिला, प्रोसेसर. हा तुमच्याच बोर्डावर बसते. बसवून टाका."

मग बसवला का नाही? तर लाइट. नवा प्रोसेसर ओळखायला बोर्डाच्या पोटातला मूळ प्रोग्राम आधी नवा करावा लागतो, आणि तो होत असताना लाइट गेली तर बोर्ड मेला, हेही हिमांशूनंच सांगितलेलं. लीलाधरनं पहिलं सगळं सोडून एवढंच धरून ठेवलं. लग्नसराईत म्हणाला, आता हात नको लावायला. पावसाळ्यात विजा. पोळ्याला फीडर बिघडलेला. गणपती, शारदा, कामाचा ढीग. लाइनमन रामलाल दिसला की त्याला थांबवून विचारायचा, "कधी नाही जानार लाइट, सांग ना गा." रामलाल खांबाकडे बोट दाखवायचा. "त्याले विचार. मले सांगून नाही जात."

तसा लीलाधर मुळात ब्रशवाला. नाटकांची पोस्टरं, मंडईच्या जत्रेचे कापडी फलक, शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, सगळं हातानं. कुणी घाई केली तर म्हणायचा, "रंग ओला आहे जी, उद्या या." माणूस उद्या यायचा. पुढं फ्लेक्स आलं, कापड गेलं, आणि डोक्यात पांढरे केस दिसायला लागल्यावर तो माउस धरायला शिकला. अक्षर अजूनही चांगलं काढतो, पण फ्लेक्सवर अक्षराला कोण विचारतो? तिथं चेहरा लागतो.

दिवाळी झाली की इकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, म्हणजे डफावरचा लोकनाच, रात्री नाटक. मंडईच्या बॅनरवर वर देव, मधोमध दंडारीची जुनी माणसं, खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांना अंत नाही. माहा फोटो टाक, माह्या साळ्याचा टाक, त्याच्यापेक्षा माहा मोठा कर. एका वर्षी चेहऱ्यांच्या ओझ्यानं मशीन खरंच बसलं आणि लीलाधरच्या तोंडून निघालं, "मशीन घेत नाही जी." ज्याला सांगितलं तो मुकाट्यानं निघून गेला. रुसला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मशीनशी कोण भांडणार! तेव्हापासून लीलाधर कुणालाही नाही म्हणाला नाही. नाही म्हणायचं काम मशीनकडं.

पण हायवेच्या पलीकडं विक्कीनं नवं दुकान टाकलं. त्याचं मशीन सगळं घेतं. सांगा तितके चेहरे, बसल्या जागी. यंदा आजूबाजूच्या गावांच्या मंडया एकेक करून रस्ता ओलांडून गेल्या. लीलाधरकडं उरली फक्त त्याच्या स्वतःच्या गावची. तीही गेली, तर दुकान उघडून ट्रकच बघायचे.

"दिवाळी तोंडावर आली," प्रेमिला सुई ओवता ओवता म्हणाली. "अजून खनातच का तो?"

"लाइट पाहून नाही राहिली का तू? सकारपासून कितीदा गेली."

"मंग यूपीएस काऊन नाही आनत?"

"आनतो ना."

"कधी?"

"मंडई होऊ दे."

"मंडईसाठीच त पाहिजे! मंडई झाल्यावर का मशीनले हार घालता?"

लीलाधरनं माउस उगाच टेबलावर घासला. प्रेमिलानं सुई टोचून ठेवली आणि त्याच्याकडं वळली.

"तुमाले लाइटीचा भेव नाही जी. मशीन बेस झाली त लोकायले नाही कसं म्हनाचं, याचा भेव आहे."

लीलाधर उठून ट्रक बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिमांशूची मोटरसायकल दारात उभी राहिली. मागं दोरीनं बांधलेला यूपीएस. लीलाधरनं बायकोकडं पाहिलं, बायको ब्लाउजच्या बाहीकडं पाहत होती.

"भाभीचा फोन आला होता," हिमांशू म्हणाला. "खन उघडा."

जोडाजोड झाली. काळ्या स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. लीलाधर एकदा वायर बघे, एकदा पंख्याकडं बघे. पंखा थांबला म्हणजे लाइट गेली. त्याची मांडी अशी हलत होती की टेबल हलायला लागलं.

"भैया, तुम बाहर बैठो ना यार," हिमांशू वैतागला. "लाइटीनं काही होत नाही आता, तुमच्या पायानं बोर्ड जाईल."

लीलाधर पायरीवर बसला. ट्रक गेले, ते त्याला दिसले नाहीत. मध्येच पंखा थांबला. तो ताडकन उठला. आत यूपीएस टूं टूं करत होता, पट्टी भरतच होती. प्रेमिलानं शिवणयंत्रावरून पाय काढून घेतले होते, जणू त्याचाही धक्का लागेल. पट्टी भरली. लाइट आल्यावर हिमांशूनं मशीन बंद करून उघडलं, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, वरून त्याचा छोटा पंखा घट्ट केला. बटण दाबलं.

लीलाधरनं गावच्या मंडईची फाइल उघडली. खुर्ची मागं सारून उठायच्या बेतात होता, तर फाइल उघडलेली. देव, म्हातारे, शुभेच्छुक, सगळे एकदम समोर. त्यानं बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. त्याला उठायला वेळच मिळेना. हसू येत होतं, आणि नजर सारखी दाराकडंही जात होती.

हिमांशू गेला आणि थोड्याच वेळात धर्मेंद्र आला. यंदाच्या मंडई कमिटीचा अध्यक्ष, जवान पोरगा, गॉगल कपाळावर.

"काय लीलाधर भाऊ, झाला का बॅनर? अरे वा, चालून राहिली ना मशीन! ऐका, एक छोटंसं काम. हे मधातले बुढे काढा. बकाराम अन त्याचे संगी. तिथं कमिटी टाका. मले जरा मोठा घ्या."

बकाराम दंडारीचा म्हातारा. गुडघे गेलेले, तरी डफ वाजला की उभा राहतो. लीलाधर कापडावर रंगवायचा तेव्हापासून मधोमध तोच.

लीलाधरचं तोंड सवयीनं उघडलं. "मशीन..."

"मशीनले काय झालं? आत्ता त पाहिली मी."

शिवणयंत्र थांबलं होतं. लीलाधरची मांडी हलत होती. त्यानं ती हातानं दाबून धरली.

"नाही काढत मी," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला.

"आं? कायले?"

"दंडारीची मंडई आहे. दंडारवाले काढून तुमाले टाकू, त मंग नाचाले तुमी जाता का?"

धर्मेंद्रचा चेहरा लाल झाला. "भाऊ, विचार करून बोला. विक्की बसलाच आहे तिकडं. एका मिनिटात करून देते."

"देते ना. जा."

हे शब्द आपल्याच तोंडून आले यावर लीलाधरचा विश्वास बसेना. धर्मेंद्र गॉगल डोळ्यावर ओढून बाहेर पडला. गाडीला किक मारल्याचा आवाज आला. प्रेमिलानं शिवणयंत्र पुन्हा चालू केलं. गावची मंडई गेली, वर्ष गेलं. आणि एवढं चांगलं मशीन समोर रिकामं चालत बसलेलं.

त्याला राहवेना. पायरीवर आला तर धर्मेंद्र तिथंच. गाडी सुरू, एक पाय खाली, आणि बॅनर विक्कीकडं नेतो म्हणून सांगायला बहुधा त्यानंच लावलेल्या फोनवर गावातलं कुणी थोरलं माणूस उलट त्यालाच झापत होतं. "अरे काकाजी, ऐका त... मी कुठं म्हनलो बकारामले काढा... हो जी, हो... नाही काढत जी." लीलाधर खांबाआड सरकला, पण धर्मेंद्रनं पाहिलं. फोन खिशात टाकला. गाडी बंद केली. रस्त्यापलीकडच्या विक्कीच्या दुकानाकडं एकदा बघितलं.

"बुढे राहू द्या," तो म्हणाला. "पन मले कुठं टाकता?"

"खाली. उजव्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात? अध्यक्ष आहो ना यार मी."

"अध्यक्षाचाच आहे तो कोपरा."

"थोबाड त ओळखू आलं पाहिजे ना जी!"

"ये, बस. दाखवतो."

दोघं आत आले. फोटो कोपऱ्यात बसला, वाढला, घटला, पुन्हा वाढला. धर्मेंद्रनं मान वाकडी करून पाहिलं आणि थोडासा, नखभर, अजून मोठा करून घेतला. तेवढ्यात लीलाधरचा फोन वाजला. कमिटीतला दुसरा कुणी. साळ्याचा फोटो असणार. लीलाधरनं फोन उचलला, आणि त्याची मांडी पुन्हा हलायला लागली.