खंडेनवमीला झोपलेला बोगदा

सिद्धेश्वरीला गावी कुणी विचारलं, "बाई, तू सोलापुरात करतीस तरी काय?" की ती म्हणायची, "डोळ्यांचे फोटो सांभाळते." लोकांना वाटायचं, पोरगी फोटो स्टुडिओत असेल. तीही खुलासा करत बसायची नाही.

ती होती डोळ्यांच्या दवाखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत. सांगोल्या-मंगळवेढ्याकडनं माणसं तपासायला यायची. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो निघायचा, वर्षानं पुन्हा निघायचा. डॉक्टर दोन्ही शेजारी लावून बघायचे, नजर कुठवर उतरलीय ते. जुना फोटो हरवला तर डॉक्टरच आंधळे झाले म्हणायचे. हे सगळे फोटो एका जुनाट डिस्कच्या कपाटात होते आणि त्या कपाटानं आता मान टाकायला घेतली होती. एक डिस्क गेलेली, दुसरी आचके देत होती. नवं कपाट चिंचोळी एमआयडीसीत बसवलं होतं. जुनं बंद पडायच्या आत फोटोंची नक्कल तिकडं पोचली पाहिजे, एवढंच काम. वरिष्ठ अमृत सरांनी ते पहिल्यांदाच एकट्या सिद्धेश्वरीवर सोपवलं होतं.

नक्कल जायची बोगद्यातून. डोंगर फोडून काढलेला बोगदा नव्हे हो! सिद्धेश्वरीची अज्जी गंगम्मा अक्कलकोटाकडची. तिची लेक मंगळवेढ्याला दिलेली. अज्जी लेकीला पत्र लिहायची ते अस्सल कन्नडात, पण पाकिटावर पत्ता कुणाकडनं तरी मराठीत घालून घ्यायची. मंगळवेढ्याच्या पोस्टमनला कन्नड कुठलं वाचता येणार? तसंच हे. डिस्कच्या कपाटांची बोली निराळी, इंटरनेटच्या रस्त्याची निराळी. म्हणून कपाटाचं बोलणं जसंच्या तसं रस्त्याच्या पाकिटात घालायचं, वर पत्ता टाकायचा, आणि पलीकडं ते उघडायचं. दोन्ही टोकांना एकेक पेटी, दोन्ही पेट्यांना आपापला आकड्यांचा पत्ता. त्याला आयपी म्हणतात. पत्ता चुकला की बोगदा मिटला.

अज्जीचं एक पत्र असंच चुकलं होतं. लेकीनं बिऱ्हाड बदललेलं, अज्जीनं सवयीनं जुनाच पत्ता घालून घेतला. जत्रेचं आवतण भटकत भटकत पोचलं, आणि लेक आली तेव्हा पाळणेवाले खुंट्या उपटत होते. अज्जीनं त्या पोस्टमनला जन्मभर माफ केलं नाही. चूक तिची स्वतःची असून!

तर दसऱ्याची सकाळ. आदल्या दिवशी सुट्टी होती. सिद्धेश्वरीनं येऊन बघितलं तर नक्कल अर्ध्यात थांबलेली. चिंचोळीच्या पेटीला हाक मारून बघितली. ओ नाही. मागं जुनं कपाट तांबडा दिवा लावून कण्हत होतं. तिनं चिंचोळीच्या खोलीची देखभाल करणाऱ्या धनाजीला फोन लावला.

"धनाजीमामा, मशीन चालू आहे ना?"

"व्हय की ताई, झ्याक चालू हाय. सकाळीच चालू केलं."

"चालू केलं म्हणजे? बंद होतं?"

"मग! काल खंडेनवमी न्हवती का? हत्याराला त्या दिशी हात लावत्यात व्हय? रीतसर बंद केलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वर्साचा एक दिस तर इसावा द्या बिचाऱ्याला!"

"अहो मामा, कुणाला विचारून?"

"देवाची पूजा इचारून करत्यात?"

सिद्धेश्वरीनं फोन ठेवला आणि स्कूटी काढली. पुण्याच्या रस्त्यानं जाताना तोंडानं धनाजीचा उद्धार चालू होता. कन्नडात. शिव्यांना तीच भाषा तिला पुरायची.

पोचली तर पेटी नवरीसारखी नटलेली. तिनं लॅपटॉप जोडला आणि पत्ता बघितला. पेटीवर जुना पत्ता होता. चिंचोळीला इंटरनेटची नवी लाइन आली तेव्हा तो बदलला होता तो तिनंच. चालू पेटीत बदलला, बोगदा लागला, त्या आनंदात ती पेढे आणायला धावली. बदल कायमचा जतन करायचाच राहिला. नव्या बिऱ्हाडात गेलेला म्हातारा झोपेतनं उठून जुन्या घराची वाट धरतो, तशी पेटी झोपली आणि उठल्यावर जुनं तेवढंच तिला आठवलं.

धनाजी दारात कान पाडून उभा होता. "माजं चुकलं का ताई? बंद करायला नगं हुतं?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. पण तिला अज्जीचा पोस्टमन आठवला.

"नाही मामा. चूक माझी. आणि एक सांगू? तुम्ही काल बंद केलं नसतं, तर कधी ना कधी लाइट गेल्यावर हेच झालं असतं. तोवर जुनं कपाट गेलेलं असतं तर मग कुठल्या देवाला हाक मारायची?"

"म्हंजे पूजा पावली म्हणा की!"

"पावली. पण पुढल्या वेळी मला फोन करून पावू दे."

तिनं पत्ता घातला, जतन केला. मग एक दम घेतला आणि पेटी स्वतःच्या हातानं बंद केली.

"ओ ताई! पुन्यांदा?" धनाजी पुढं धावला.

"झोपून उठल्यावर पत्ता आठवतो का, ते बघायला नको?"

पेटी उठायला वेळ लावते. दोघंही दिव्यांकडं बघत उभे. पहिला दिवा हिरवा झाला, मग दुसरा. बोगदा उघडला आणि थांबलेली नक्कल जिथं अडली होती तिथनं चालू लागली. तिनं अमृत सरांना फोन केला आणि चूक कुणाची ते आधी सांगितलं.

सर म्हणाले, "नक्कल चालू आहे ना? मग शेवटचा फोटो पोचेपर्यंत तूच बघ."

शेवटचा फोटो दिवेलागणीला पोचला. सिद्धेश्वरीनं उघडून बघितला. सांगोल्याच्या बजाबाईचा उजवा डोळा, पडदा मावळतीच्या सूर्यासारखा लाल, एकेक शीर स्पष्ट. मागच्या वर्षीचाही शेजारी हजर.

धनाजीनं खिशातनं आपट्याची पानं काढली. "ताई, सोनं घ्या." एक पान त्यानं पेटीवरही ठेवलं. "आता ह्येला बंद न करता पुजलं तर चालंल न्हवं?"

"चालेल की. फक्त कुंकू पंख्यात जाऊ देऊ नका. नाहीतर बजाबाईचे दोन्ही डोळे लाल यायचे!"