गोविंदा पेंटरनं काढलेला राजा

कोणाचं चित्र काढायचं असलं की गोविंदा पेंटर आधी त्या माणसाला आईवरून शिवी द्यायचा. मग मार खायचा, आणि मार खाता खाता समोरच्याचं तोंड नीट बघून घ्यायचा. खाटकानं त्याचे पुढचे दात पाडले. बाजारातल्या एका हमालानं कान फाडला. ओठाचं रक्त पुसत तो हसत घरी यायचा. म्हणायचा, "गोड तोंड सब्बन लोकायचं सारखंच रायते, बाई. राग आला का मंग ज्याचं त्याले दिसते."

मी त्याची शेजारीण. नवरा मेल्यावर बापाच्या घरी राहत होते. दोन घरांमध्ये फक्त तुराट्यांचं कुंपण होतं. मी चौथी शिकलेली, चित्रातलं मला काही कळत नव्हतं. पण तो काम कसं करतो ते दिसायचं.

दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री नाटक. नाटकाचा मोठा बोर्ड गोविंदाच रंगवायचा. मांजरपाट बांबूच्या चौकटीवर ताणायचा, त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा. तो वाळला की कोळशानं आधी धड काढायचा. माणूस वार करायला उभा आहे की पळायला, ते धडावरच ठरवायचा. मग हात. मग सपाट रंग भरायचे, त्यावर सावल्या, वरून काळी रेघ. तोंड अगदी शेवटी. तोवर मानेवर नुसता पांढरा गोळा असायचा. त्या गोळ्याला लहान पोरंच काय, मीसुद्धा भ्यायची.

"तोंड खोटं बोलते," तो म्हणायचा, "म्हनून त्याले मांगून काढा लागते. पयले त्याचे हात काय करून राहिले ते पाहा."

तो काही देवमाणूस नव्हता. दारू प्यायचा, उधळायचा, आणि रंगाचा डबा कोणाच्या अंगावर फेकील त्याचा नेम नसायचा. त्याच्याजवळ कोणी टिकलं नाही.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या मंडईत नाटकातला राजा होता बळीराम. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा. तिला गावातच दिली होती. बळीरामसारखा गोड बोलणारा माणूस गावात दुसरा नव्हता. घरात तो सुमनला मुसळानं मारायचा. एकदा बरगडी मोडली. ती आमच्याकडे पळून आली की माझा बाप तिला परत नेऊन सोडायचा. असा जावई शोधून मिळणार नाही, हिचीच जीभ चालत असेल, असं म्हणायचा. पुढच्या वेळी ती जिवंत येईल असं मला वाटत नव्हतं.

चित्रासाठी गोविंदानं बळीरामला चौकात शिव्या दिल्या. आईवरून दिल्या, बापावरून दिल्या. बळीराम हसला आणि त्यानं गोविंदाला पान खाऊ घातलं. गोविंदा चरफडत घरी आला. "या मानसाले तोंडच नाई," म्हणाला. बोर्डावर राजा तलवार उपसून तयार, आणि मानेवर पांढरा गोळा. शेवटी तो बळीरामच्या घरी जाऊन बसला. परत आला तो थेट बोर्डापुढे. जेवलासुद्धा नाही.

मंडईच्या सकाळी बोर्ड पाराजवळ उभा झाला. राजाचं तोंड बळीरामचंच होतं, पण ते हसत नव्हतं. ओठ एका बाजूनं दातांवरून मागे ओढलेले. डोळे अर्धे मिटलेले, समोरचं माणूस कधी पडतं याची वाट बघणारे. कोणीतरी विचारलं, हा राजा आहे का राक्षस. बायकांपैकी कोणी काही विचारलं नाही.

बळीराम आला. त्यानं चित्र पाहिलं आणि भर बाजारात त्याचं तोंड तसंच झालं. चौकटीचा बांबू उपसून त्यानं गोविंदाला आडवा केला. छातीवर गुडघा देऊन त्याचा उजवा हात दगडावर दाबला आणि बांबूच्या बुडानं बोटं ठेचली. सोडवायला गेलेल्या एकाचं डोकं फोडलं. कितीतरी जण अंगावर पडले तेव्हा कुठे थांबला. माझा बाप तिथेच उभा होता. सुमनला मी त्याच दुपारी घरी आणलं.

मग पंच बसले. तोवर बळीराम परत गोड झाला होता. पेंटर दारूत होता, त्यानं खोटं तोंड काढून माझी अब्रू घेतली, कोणाचाही हात उठला असता, असं त्यानं हात जोडून सांगितलं. पंचांना मिटवायचं होतं. त्यांनी गोविंदाला समजावलं, की तोंड मनानं काढलं, चुकलं, एवढं म्हण. बळीराम तुला भंडाऱ्याला नेऊन हात नीट करून देईल. आणि सुमननं आपल्या घरी जावं. माझ्या बापानं मान हलवली. आता सगळं गोविंदाच्या एका शब्दावर होतं. सुमन माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती.

गोविंदाचा हात फडक्यात गुंडाळलेला. फडक्यातून जखमेचं पाणी गळत होतं.

"शिव्या देल्या, चुकलं," तो म्हणाला. "दारू पेतो, तेही चुकलं. तोंड नाई चुकलं. मी याच्या घरी बसून पाहून आलो."

काय पाहून आलास, पंचांनी विचारलं.

"या बाईच्या हातून चाय सांडली. तिनं पयले डोस्क्यावर हात घेतले, मंग कप उचलला. हा काई बोललाही नवता. तवा मी याच्या तोंडाकडं पायलं."

माझा बाप उठला आणि सुमनला म्हणाला, "चाल, घरी चाल." आमच्या घरी.

गोविंदाचा हात वाकडाच राहिला. डाव्या हातानं तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याही तिरप्या. मी एकदा विचारलं, सुमनसाठी बोललास का? तर माझ्यावरच खेकसला. "तिच्यासाठी कायले? चित्र माहं होतं." सुमन विड्या वळून पोट भरायची आणि त्याला दुपारचा भात नेऊन द्यायची. तो त्यालाही नावं ठेवायचा, मीठ कमी म्हणायचा.

काही वर्षांनी तो खोकून खोकून मेला. तिरडीवर हात छातीवर जुळवायचे, तर उजव्या हाताची बोटं सरळ होईनात. दोघं जण जोर लावून ती दाबायला लागले. सुमन पुढे झाली. एवढ्या पुरुषांत ती कधी बोलली नव्हती.

"दाबू नोका," म्हणाली. "तशीच राहू द्या."