सासऱ्यांच्या पाइपाला कांदा लागतो

मी आयुष्यात एकदाच धूम्रपान केलं, तेही सासऱ्यांच्या भल्यासाठी.

त्याचं असं झालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि सिल्लोड रस्त्यावरच्या एका शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवऱ्याची हरकत नव्हती. (त्यांची कशालाच हरकत नसते, कारण त्यांना कुणी विचारत नाही.) आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मामांना विचार." मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं तर ते बिडी झटकत म्हणाले, "बघू." हे "बघू" तीन आठवडे चाललं होतं! नोकरी हातची जाणार या धास्तीनं मला घास गोड लागेना.

मामा वैजापूरकडचे जमीनदार. शेत भावावर सोपवून आमच्याकडे शहरात, गारखेड्याला राहायला आलेले. दिवसभर बिडी. धोतराला भोकं, सतरंजीला भोकं, माझ्या रुखवतातल्या अभ्र्यालासुद्धा भोक! आणि आठवड्यातून एकदा एकच गोष्ट सांगायचे. "पोलिस ॲक्शननंतर आमच्या तालुक्याला नवा साहेब आला. खुर्चीत बसून पायप वढायचा. बोलायचा नाय, नुसता पायप वढायचा, अन् सगळा गाव गप! काय रुबाब!"

रविवारी सकाळी मामा वैजापूरला गेले होते, संध्याकाळी परतणार होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइप आणायचा, हातात द्यायचा, नमस्कार करायचा आणि रुबाबाच्या भरात "जा" म्हणवून घ्यायचं!

मी तडक शहागंजातलं तंबाखूचं दुकान गाठलं. दुकानदार चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्या होना, बेटी?"

"पाइप. आणि त्यात घालायची तंबाखू."

"किसके वास्ते?"

"सासऱ्यांसाठी."

"अभी क्या पीते?"

"बिडी."

चाचांनी काचेच्या कपाटातल्या एकुलत्या एक पाइपाकडे फार दयेनं पाहिलं. मग त्यावरची धूळ पुसून, डब्यातून तंबाखू काढून पुडी बांधता बांधता म्हणाले, "देख बेटी, नया पाइप नए तवे के जैसा रहता. पहले तैयार करना पड़ता. कच्चा पिये तो जुबान जलती."

"तव्याचं मला शिकवू नका, चाचा!" मी म्हणाले. सुगरण म्हणून माझी कुठंच ख्याती नव्हती, पण नवा तवा मी तयार केला होता आणि तो अजून शाबूत होता. चाचा मागून ओरडत होते, "अगे, पूरा तो सुन ले!" पण मी रिक्षात बसलेसुद्धा.

घरी येऊन कांदा अर्धा चिरला. तेलात बुडवून पाइपाला आतून-बाहेरून चोळला. चिमूटभर मीठ घातलं. मग मंद आचेवर पाइप शेकायला धरला. लाकडाला छान चकाकी आली. मात्र तोंडात धरायचं काळं टोक मऊ पडलं आणि हळूहळू खाली वाकलं. कुणाचा तरी ओरडा खाल्ल्यासारखा पाइप जमिनीकडे पाहू लागला.

आता तयार झाला की नाही, हे कळणार कसं? तव्यावर पहिली भाकरी टाकून बघतात. इथं झुरका मारून बघायला हवा.

"अहो, एकच झुरका मारा ना."

"वेड लागलंय का? बापानं मला आजवर सुपारी खातानासुद्धा पाहिलं नाही!"

"ते वैजापूरला आहेत."

"वास येतो त्यांना. वैजापूरहूनसुद्धा येतो!" म्हणत नवरा चप्पल घालून बाहेर पळाला.

तेव्हा मीच पदर डोक्यावरून पुढं ओढला, गच्चीवर गेले, पुडीतली तंबाखू भरली, काडी ओढली. पहिल्या झुरक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला पाइपातलं तेल तापलं. तिसऱ्याला आत चिकटलेला कांदा पेटला! नाकातून, तोंडातून, पदरातून, जिकडून वाट मिळेल तिकडून धूर निघायला लागला. मी अशी ठसकले की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या सुमनताई उठून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! धूर!" एवढंच ओरडून त्यांनी पापडाचं पीठ भिजवायला आणलेली पाण्याची बादली माझ्यावर रिकामी केली. त्यांचा नेम इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं!

आरडाओरडा ऐकून आत्याबाई जिन्यानं वर आल्या. त्यांच्या मागोमाग, हातात पिशवी घेऊन, मामा! दुपारच्याच एस.टी.नं परतले होते. मी निथळत उभी. तोंडात पाइप तसाच.

"सूनबाई, त्वांडात काय हाय?"

"तुमचा पाइप, मामा."

"माझा? मग तुझ्या त्वांडात कसा?"

"तयार करत होते."

"अन् उष्टा करून ठिवला की गं!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

मामांनी पाइप घेतला. फिरवून पाहिला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"ह्याला कांदा लावलाय व्हय?"

"हो. आणि तेल. थोडं मीठ."

"मंग फोडनीची मोहरी कशापायी सोडली?"

संपलं, असं मला वाटलं. शाळा, हजेरीपुस्तक, माझ्या नावाची खुर्ची, सगळं त्या बादलीतून वाहून गेलं. मला रडू फुटलं. "मामा, मला उद्या हजर व्हायचंय हो! तुम्ही खूश व्हावं म्हणून आणला होता."

मामांच्या मिशा हलल्या. आणि ते हसायला लागले! कठडा धरून हसले, खाली बसून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. मी आधी घाबरले आणि मग मलाही हसू आवरेना. एवढी हलकी मी त्या घरात पहिल्यांदाच झाले होते. बिडीच्या आडून करडे दिसणारे हे गृहस्थ मुळात लई गमतीचे आहेत, हे कळायला मला जवळजवळ वर्ष आणि एक कांदा लागला.

पाइप त्यांनी कधीच पेटवला नाही. पण पाहुणे आले की तो तोंडात धरून ओट्यावर बसत, आणि खरोखर कुणी बोलत नसे. (वास अजून येत होता.)

त्या दिवशी मात्र हसू ओसरल्यावर मामा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जा उद्या. साडेसातच्या गाडीवर मी सोडतो. पन एक अट हाय."

"सांगा ना, मामा!"

"पोरींना गनित शिकव, भूगोल शिकव, काय बी शिकव. सैपाक तेवढा शिकवू नको!"

वडीलधाऱ्यांचा शब्द मी मोडला नाही. निवृत्त होईपर्यंत भूगोलच शिकवला. शाळेतल्या सगळ्या मुली वाचल्या. घरच्यांना मात्र अजून कुणी वाचवलेलं नाही. ते माझ्याच हातचं जेवतात.