परग्रहावरची भाषा आणि मार्कंड्याचा भोंगा

मुलांनो, शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही फोनवर विचारलंत की विज्ञानकथांमधली भाषांतराची यंत्रं चालतात कशी. मी म्हणाले, "सगळी बनवाबनवी असते," आणि फोन ठेवला. उत्तर अपुरं होतं. शिवाय त्या यंत्रांचं वेड तुमच्या आईला किती होतं हे तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून ही आजी नीट लिहायला बसली आहे.

आम्ही ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. केबल नुकतंच आलं होतं. तुमची आई कॉलेजातून सुट्टीला आली की परग्रहांच्या इंग्रजी मालिका बघायची आणि मला समजावून सांगायची. तिच्या मते त्या यंत्रांच्या तीन जाती. पहिल्या यंत्राच्या पोटात विश्वातल्या सगळ्या भाषा आधीच भरलेल्या. दुसरं अनोळखी प्राण्याची दोन-चार वाक्यं ऐकतं, काय पुन्हापुन्हा येतं ते टिपतं आणि व्याकरण स्वतःच रचतं. तिसरं शब्दांच्या वाटेला जातच नाही. बोलण्याआधी मेंदूत जो अर्थ उमटतो तोच उचलतं. मला तिसऱ्याचं नवल वाटे. कुठल्याही ताऱ्यावरचा कसलाही जीव असो, त्याच्या मनातलं आपल्याला कळू शकतं, असा विश्वास कुणीतरी धरला होता!

त्याच सुट्टीत महाशिवरात्रीला आम्ही मायलेकी वीजकेंद्राच्या बसने वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर सूचना देण्याच्या मांडवाशी गर्दी जमलेली. मधोमध एक माडिया आदिवासी म्हातारी सारखी वैनगंगेकडे हात करून बोलत होती. माइकवाला घामाघूम झाला होता.

"हे काय बोलून राह्यली, मले तं एक अक्षर नाई समजत!"

गर्दीतून सिरोंच्याचा एक मिरचीवाला पुढे झाला. त्याला माडिया भाषा समजायची, पण मराठी जेमतेम. त्याने ते तेलुगूत सांगितलं. शेजारी राजुऱ्याची एक मुसलमान बांगडीवाली दुकान मांडून बसली होती. तिला तेलुगू येत होतं. तिने मराठीत आणलं, "भाऊ, इची नातीन हरपली. पाच-सा वर्साची हाये. पान्याकडं गेली म्हन्ते."

तुमच्या आईने माझा दंड घट्ट धरला. "आई, हे पहिल्या जातीचं यंत्र. माणसांचं!"

माइकवाल्याने पोरीचं नाव, वय सांगून पुकारा केला. मग आणखी एकदा, मग पुन्हा. तिकडे नदीत माणसं अंघोळ करत होती आणि पोर काही येत नव्हती. म्हातारी आता बोलायचीही थांबली होती.

एकाएकी तुमची आई म्हणाली, "भाऊ, त्या पोरीले मराठी येते का?"

म्हातारीचं बोलणं मराठीत आणण्यासाठी एवढा आटापिटा केला, पण ऐकणाऱ्या पोरीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. त्या मालिकांतही असंच असतं. सारं विश्व नायकाच्या भाषेत येतं, नायक दुसऱ्या कुणाच्या भाषेत जात नाही.

"मंग मी का करू?" माइकवाला वैतागला. "मले माडिया येत नाई."

"तुले कोन बोलाले लावते?" बांगडीवाली म्हणाली. "माइक दे तिच्या हातात. बायकोले तरी बोलू देतोस का घरी?"

लोक हसले. मिरचीवाल्याने म्हातारीला समजावलं. तिने दोन्ही हातांनी माइक धरला, एक शब्द उच्चारला, आणि झाडाला बांधलेल्या भोंग्यातून आपलाच आवाज आलेला ऐकून दचकून वर पाहिलं. मग त्या भोंग्याकडे बघतच ती बोलू लागली. बोलता बोलता हाका मारू लागली.

आणि जत्रेत ठिकठिकाणी माणसं उठून उभी राहिली. झाडांखाली, देवळाच्या भिंतीशी, वाळूत टेकलेली माडिया माणसं. इतकी होती, आणि तोवर आम्हाला ती दिसलीच नव्हती. सगळ्यांच्या माना भोंग्याकडे. एवढ्या गोंगाटात तेवढीच माणसं स्तब्ध ऐकत होती. मी हात जोडले. देवळात जोडले होते त्याहून मनापासून.

थोड्या वेळाने नदीकडून एक माडिया बाई आली. पोर तिच्या कडेवर होती, परकर गुडघ्यापर्यंत ओला. म्हातारीने माइक खाली टाकला. भोंगा किंचाळला, आणि पोर आजीच्या गळ्यात पडली.

म्हातारी भोंग्यातून काय बोलली ते मी मिरचीवाल्याला विचारलं नाही. तिच्या हाकांतला एकही शब्द माझ्यापाशी नाही. शेवटच्या हाकेचा लांबवलेला सूर तेवढा आहे, आणि तो मला अजून जसाच्या तसा काढता येतो.