लाल ठिपक्यापासून क्षितिजापर्यंत

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागलच्या बाजारात वांगी निवडत होतो. भाचा म्हणाला, “मामा, आई गेली,” आणि मी त्याच्यावरच खेकसलो, “गेली म्हंजे? कुठं गेली?” अक्का कायम कुठंतरी गेलेलीच असायची... खांद्याला कॅमेरा, हातात ट्रायपॉड, आणि गुडघ्यांना शिव्या घालत पुन्हा चढच चढायचा. पोरगं फोनवर रडायला लागलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वांगी तिथंच राहिली.

शशिकला माझी थोरली बहीण. मंगळवार पेठेतला फोटो स्टुडिओ नवऱ्याच्या माघारी तिनं एकटीनं चालवला. लग्नसराईत नवरा-नवरी, एरवी डोंगर. गिऱ्हाईक म्हणेल तशी नवरा-नवरीमागची भिंत ती धूसर करून द्यायची. पण डोंगरावर गेली की पायाजवळच्या काडीपासून आभाळाला टेकलेल्या कड्यापर्यंत सगळं लख्ख दिसलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. तिच्याबरोबर जोतिबावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी लांबच्या डोंगरावर फोकस धरून फोटो काढला. पुढचे दगड लापशीसारखे आले. अक्का पोट धरून हसली. “खुळ्या, डोंगर काय पळून जातोय व्हय? सगळी नजर त्येच्यावरच लावलीस, मग पायाजवळचं कुणी बघायचं?”

मग तिनं तिची जुनी रुंद लेन्स माझ्या हातात दिली. फोकस फिरवायच्या गोल कड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, अकरावर ठेवायचं आणि कडं ठिपक्यावर आणून सोडून द्यायचं. फोकस दोनेक पावलांवर बसतो, आणि त्याच्या निम्म्या अंतरापासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पुस्तकं याला हायपरफोकल अंतर म्हणतात. अक्का नुसतं ‘ठिपका’ म्हणायची. रिळामागून रिळं वाया घालवून तिनं ती जागा शोधली होती.

एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, “मागचं थोडं धूसर करा, बाई. विषय कुठला तेच कळत नाही.” अक्का भर सभेत उभारली. “विषय अख्खा हाय की! तुमी कुठं बघायचं ते बी मीच सांगू व्हय?” बक्षीस गेलं. परत येताना माझ्या गाडीवर मागं बसून ती गाणी म्हणत होती.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी ओळखीच्या मंडळींनी तिच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. मन भरून आलं माझं. पण आदल्या संध्याकाळी बघतो तर तिचा सगळ्यात लाडका फोटो खालून कापायला काढलेला! जोतिबाच्या वाटेवरचा फोटो तो. पुढं फोडलेल्या नारळांच्या शेंड्यांचा ढीग, धागा न् धागा मोजून घ्यावा असा. मागं उतरती शेतं आणि शेवटचा डोंगर. संयोजक म्हणाले, “पावणं, खालचा कचरा तेवढा काढतोय. देखावा कसा मोकळा होतोय बघा.” भाचाही खाली मान घालून म्हणाला, “मामा, जरा कापलं तर काय बिघडतंय?”

माझं टाळकंच सरकलं. “त्या कचऱ्यासाठी तुझी आई उन्हात पोटावर पडलीती! कापायचा असंल तर न्हाय लावायचा. अख्खी अक्का लावा, न्हायतर भिंत मोकळी ठेवा.” मी फ्रेम काखेत मारली आणि चालू पडलो. मागनं पावलं वाजली... भाचा होता. हातात हातोडी आणि खिळे.

आता तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे, नवरा-नवरींच्या मधोमध. रस्त्यानं जाणारी माणसं शेंड्या बघायला काचेला नाक लावतात.

लेन्स भाच्यानं मला दिली. हाताळून हाताळून ठिपका पार पुसट झालेला. परवा पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात गेलो आणि लाल नेलपॉलिश मागितलं. काउंटरवरची पोरगी माझ्या पांढऱ्या मिशांकडं बघून हसायला लागली. “कुणाला पायजे, आजोबा?”

“माझ्या थोरल्या बहिणीला,” मी म्हणालो. “चांगलं टिकणारं दे. रविवारी आमाला डोंगरावर जायचंय.”