शेंदराखालचा शेवट

बर्वे मास्तर गेल्याचा निरोप घेऊन डोंबिवलीहून त्यांचा शेजारी आला, तेव्हा मी कोपरीच्या खाडीवर आमच्या मिठागराचा बांध थापत होतो. हात कोपरापर्यंत चिखलात. तोंडातून पहिलं निघालं ते, "आणि कादंबरी? ती पुरी झाली का?" त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपण निरोप वेड्याला दिला की काय. पण अकरा वर्षं एका गोष्टीचा शेवट ऐकायला बसलेला माणूस दुसरं काय विचारणार?

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढल्या साली मास्तर पहिल्यांदा आले. शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्या बांधावर गुडघाभर उंचीचा देव आहे. दर चैत्री पुनवेला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. आज्याने लावला, बापाने लावला, मी लावतो, त्यामुळे देव दरसाल अंगाने भरत चाललाय. मास्तरांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मला वाटलं, भाविक दिसतो. मग वरच्या बाजूला अंगठ्याने दोन ठिकाणी चाचपलं आणि अंगठा तिथेच ठेवला.

"धर्माशेठ, नखभर शेंदूर खरवडू का?"

"खरवडा की. आधी माझी कातडी खरवडा, मग त्याची."

मास्तर हसले. माझा रॉकेलचा रिकामा डबा उपडा करून त्यावर बसले आणि म्हणाले, "मग राहिलं. मी आपली कादंबरी लिहितो." त्यानंतर त्यांनी खरवडण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

कादंबरी अशी : खाडीकाठचा एक दगड कोणी रोवला आणि का, हे शोधायला एक विद्वान निघतो. एक प्रकरण आजचं, एक फिरंग्यांच्या अमलातलं, एक शिलाहार राजाचं, मग मध्येच पेशवाई. दर रविवारी मास्तर वही घेऊन यायचे, डब्यावर बसून वाचायचे. मी शाळा दुसरीपर्यंत पाहिली, पण कान माझे पदवीधर आहेत. तीन वर्षं झाली तरी तो विद्वान बैलगाडीतून उतरेना.

"मास्तर, बैल मेले असतील हो."

"धीर धरा, धर्माशेठ. इतिहास सावकाश चालतो."

"इतिहास चालतोय. तुमचा माणूस बसलाय!"

एकदा त्यांच्या राजाचा कारभारी पुनवेच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता उघड्या चिखलातून खाडी ओलांडून गेला. मी वाचन थांबवलं. म्हटलं, पुनवेला बाराला भरती असते, तुमचा कारभारी बुडाला. मास्तर म्हणाले, त्याच्यावर पुढची चार प्रकरणं आहेत. मी म्हटलं, मेलेल्यावर कशाला लिहिता? नऊ महिने बसून त्यांनी ती चारही प्रकरणं बदलली. डोंबिवलीत एवढे शिकलेले लोक, पण भरती मीच लावून दिली, हे इथे मुद्दाम लिहितो.

ते चोरून खरवडणार नाहीत यावर माझा विश्वास मात्र पुरता बसला नव्हता. एकदा जेवायला जातो सांगून मी तिवरांच्या झुडपाआड दडून बसलो. तासभर. मास्तरांनी डबा फिरवला, देवाकडे पाठ केली आणि खारे दाणे खात बसले... उपाशी मीच राहिलो.

तेराव्यानंतर वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, मला बोलावून घेतलं. हातात एक जुनी वही. म्हणाल्या, "धर्माभाऊ, शेवट सापडला. यांनी तो सगळ्यात आधी लिहिलेला." वर तारीख होती मास्तर आमच्या बांधावर पहिल्यांदा आले त्या दिवसाची. वहिनी वाचत गेल्या. तो दगड देव नव्हताच, जमिनीच्या राखणीला राजाने रोवलेला शापाचा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये राजाची आज्ञा, खाली गाढव. ही जमीन जो बळकावेल त्याला अशी शिवी कोरलेली, की अर्धी वहिनींनी गिळली. आणि अगदी खाली एक ओळ : "धर्माशेठ आहेत तोवर हे वाचायचं नाही. त्यांचा देव मोडेल."

म्हणजे त्या पहिल्या दिवशी अंगठ्याखाली चंद्र-सूर्य लागले तेव्हाच मास्तरांनी ओळखलं होतं. तो शेवट मला ऐकवायचा नाही, म्हणून विद्वानाला अकरा वर्षं गाडीत बसवून ठेवलं... आणि मी बैलांवरून टोमणे मारत होतो.

आधी राग आला. मला काय कुक्कुलं बाळ समजले? मग म्हटलं, आमच्या तीन पिढ्यांनी या जमिनीवर मीठ पिकवलं, कोणाची हात लावायची छाती झाली नाही. तो दगड उभा राहून शिव्या देत होता म्हणूनच ना? देव याहून वेगळं काय करतो? माझा देव इतका कच्चा नाही, मास्तर. एकदा विचारायचं होतंत.

"वहिनी, खुशाल छापा," मी म्हणालो. "पण त्यात एक चूक आहे. शेवटी तो विद्वान पुनवेला दुपारी बारा वाजता चिखलातून चालत दगडापाशी जातो."

वहिनींनी लगेच टाक उचलला. "मग बदलू?"

मी टाक त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. "राहू दे. अकरा वर्षांनी उतरलाय बिचारा. पोचू दे."

परवा चैत्री पुनव झाली. मी शेंदूर लावला, नेहमीपेक्षा जाडच. खरवडू अजूनही कोणाला देणार नाही. बरोबर बाराला भरती आली आणि पाणी त्या उपड्या डब्याला लागलं. मी डबा उचलून बांधाच्या माथ्यावर ठेवला.