ओडेल दाजींची पहिली सुटलेली गाठ

आमच्या धरणावर माणूस माणसाला आपली बोट देईल, अंगातला कोट काढून देईल, डब्यातला शेवटचा सॉसेजसुद्धा देईल. पण गळाची गाठ बांधून देणार नाही. ज्याचा गळ त्याची गाठ. मासा सुटला तर शिव्या कुणाला घालायच्या हे आधीच ठरलेलं बरं. तंगुसाचा दोरा दगडाला घासून तुटला तर टोक सरळ राहतं. गाठ सुटली तर टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होतं, आणि मग कुठलीही सबब चालत नाही. धक्क्यावर गार्नेटचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर अशी कुरळी टोकं चिकटवलेली आहेत, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख. माझं नाव तिथे सहा वेळा आहे. आमच्या पाद्रीबाबांचं नऊ वेळा आहे, आणि ते तर दर रविवारी आम्हाला उपदेश करतात.

ओडेल हकबी हे नाव त्या भिंतीवर चाळीस वर्षांत एकदाही लागलं नव्हतं.

ओडेल म्हणजे माझे दाजी, माझी थोरली बहीण अर्मा हिचा नवरा. तेहतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. बर्फ असो, चिखल असो, बस सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या वळणावर हजर. आणि त्यांचा एक नियम होता: सुटलेल्या नाडीने कुणी बसमधून उतरायचं नाही. दारातच गुडघा टेकून ते पोराच्या बुटाची नाडी बांधायचे, दुहेरी गाठ मारायचे आणि पोटरीवर एक चापट देऊन म्हणायचे, "जा, आता पडलास तर तुझ्या अकलेने पडशील." या खोऱ्यातल्या निम्म्या माणसांच्या नाड्या त्यांनी बांधल्यात. माझ्याही बांधल्यात. मी सात वर्षांचा होतो आणि ते तेव्हा अर्माकडे बघायला लागले होते, म्हणून माझी नाडी जरा जास्तच निगुतीने बांधायचे. मला बसच्या खिडकीतून हे सगळं कळत होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. दाजींनी त्याला कुठलंच नाव दिलं नाही. कॉफीचा कप दोन हातांनी धरू लागले, एवढंच. आणि बोटीवर येताना गळाच्या पाच काठ्या आणू लागले, पाचही घरूनच गाठ मारून तयार. मी त्या गाठी पहिल्याच दिवशी ओळखल्या. दाजी गाठीचं टोक लांब सोडायचे. या गाठी अगदी बुडाशी कापलेल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या बाईने कापाव्यात तशा. अर्मा रोज पहाटे स्वयंपाकघरात बसून नवऱ्याचे गळ बांधत होती. मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं, आणि दाजी खिडकीबाहेर पाहत बसायचे.

यंदा मार्चमध्ये त्यांनी बोट विकायला काढली. "शनिवारी शेवटचं जाऊन येऊ," मला म्हणाले. "रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"का? बोटीला काय धाड भरली?"

"बोटीला काही नाही," ते म्हणाले आणि विषय तिथेच संपवला. मी घरी येऊन बायकोवर उगाचच खेकसलो. दाजी बोटीशिवाय घरात बसले तर सहा महिन्यांत संपतील, हे मला लख्ख दिसत होतं, आणि सांगणार कुणाला?

शनिवारी टेनेसीतली ती नेहमीची फसवी थंडी पडली होती. डोंगरावर रेडबडची गुलाबी फुलं आलेली आणि फुलांवर हिव. पाण्यात हात घातला की हाडं ठणकत होती. अशा पाण्यात बास मासा कशाच्या मागे धावत नाही. तो दगडाला टेकून पेंगत असतो आणि जेवण तोंडाशी आलं तरच आ करतो. म्हणून आम्ही मुंगळ्याएवढा गळ लावतो, त्यावर बदकाची पिसं गुंडाळलेली असतात. त्याला आम्ही माशी म्हणतो. वर एक तरंगणारं बूच, खाली दोन पुरुष खोल लोंबणारी ही माशी. बूच जागच्या जागी हलकेच थरथरवत राहायचं आणि वाट पाहायची. बायकोशी भांडण झाल्यावर घरी जाताना जसा धीर धरतो, तसाच धरायचा.

पाणी आरशासारखं पडलं होतं. मी काठी हलवून हलवून मनगट दुखवून घेत होतो.

"तुला हलवावं लागतं," दाजी म्हणाले. "माझं बघ कसं आपोआप चाललंय."

आपल्या हाताबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. मी हसलो आणि डोळे पुसले. थंडीने येतं पाणी.

आम्ही जुन्या दगडी बांधावर होतो. त्यांच्या आजोबांच्या शेताचा बांध, आता वीस फूट पाण्याखाली. मासे तिथेच असतात आणि गळही तिथेच अडकतात. नऊ वाजेपर्यंत दाजींच्या चार माश्या बांधाने गिळल्या. साडेनऊला पाचवी गेली.

त्यांनी पेटीतून नवी माशी काढली आणि माझ्याकडे पाठ केली. मी बुचाकडे पाहत बसलो. मागे बोटीच्या तळावर माशी पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा आवाज आला आणि पाठोपाठ एक शिवी. वीस मिनिटं गेली असतील. शेवटी काठी खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"चल परत. वारा सुटेल आता."

पान हलत नव्हतं.

"दाजी, ती काठी इकडे द्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुम्ही माझ्या नाड्या बांधायचात, तेव्हा मी काही बोललो का?"

"तू सात वर्षांचा होतास."

"आणि तुम्ही माझ्या बहिणीवर छाप पाडत होतात. द्या इकडे."

दाजींनी काठी सरकवली आणि तोंड फिरवलं. माझी बोटं थंडीने लाकूड झाली होती, आणि त्यात चाळीस वर्षांचा कायदा मोडत होतो. घाईघाईने वेढे घेतले, थुंकी लावली, ओढली आणि काठी परत दिली.

तिसऱ्या फेकीला दाजींचं बूच आडवं पडलं. बुडालं नाही, नुसतं आडवं पडलं. म्हणजे खाली कुणीतरी माशी उचलून धरली होती. दाजींनी काठी उचलली आणि ती अशी वाकली की माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. दहा मिनिटं ते त्या माशाशी पोराशी बोलावं तसं बोलत होते. "ये बाळा. घाई नाही. बस थांबलीये तुझ्यासाठी." मासा बोटीजवळ वर आला. तांब्याच्या हंड्यासारखी कूस, लाल डोळा, सात पौंडांपेक्षा कमी नाही. मी जाळी पाण्यात घातली. त्याने एकदा डोकं झटकलं आणि काठी सरळ झाली.

दाजींनी हळूहळू दोरा गुंडाळला. टोक हातात आलं. कुरळं होतं. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. त्यांनी तेवढा तुकडा कापून खिशात घातला. मला वाटलं, त्या माशापायी नव्हे, पण माझ्यापायी दाजींची मासेमारी आज संपली.

दुकानात गार्नेट दारातच उभी होती. "काय मिळालं?"

"सात पौंडांचा, जाळीच्या तोंडाशी होता," दाजी म्हणाले. "सुटला."

तिने हात पुढे केला. "टोक."

दाजींनी खिशातून तुकडा काढून दिला. तो पाहून गार्नेटचं तोंड उघडंच राहिलं. "ओडेल, ही कुणाची गाठ?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"माझी," दाजी म्हणाले. "काठी माझी, गाठ माझी. लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

तिने लिहिलं. चार जण खुर्च्या सरकवून बघायला आले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांना आता सोबत झाली, असं कुणी म्हणालं. दाजी भिंतीसमोर उभे राहून आपलं नाव पाहत होते, चांगलाच वेळ. हे हात आजही गाठ बांधतात, असं त्या भिंतीवर आता लेखी झालं होतं. मला ते उशिरा कळलं. तेव्हा मी नुसता लाजेने जळत होतो.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "दाजी, गाठ माझी होती."

"मला आंधळा समजतोस? टोकाला चारच वळणं आहेत, मोजली मी. पाच वेढे घ्यायचे असतात, किती वर्षं सांगतोय."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांचा हात गुडघ्यावर थरथरत होता. या वेळी त्यांनी तो झाकला नाही.

"तुझं नाव लागलं असतं तर पुढच्या शनिवारी माझी गाठ बांधायला हात लावला असतास का तू?"

घरापर्यंत मी रस्त्याकडेच पाहत गाडी चालवली.

स्वयंपाकघरात अर्मा मक्याचा पाव कापत होती. दाजी टोपी काढत म्हणाले, "त्या उद्याच्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नको. बोट विकायची नाही."

अर्माने सुरी खाली ठेवली. तिने दाजींच्या हातांकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं.

"किती वेढे घेतलेस?"

"चार."

"गाढवा," ती म्हणाली, आणि मला पावाचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.